चिंच कशाला घेतली?

३ एप्रिल १९६७, सोमवार

कशाला घेतली म्हणजे? घेतली. झाड रस्त्यात आडवं पडलेलं, मातीमोल जात होतं, कुणी हात लावीना, मी लावला. वखार फाटीची हाय, जळणाच्या लाकडांची. मग झाड घेऊ नको तर काय म्हैस घेऊ?

सकाळपासून जो येतो तो हेच विचारतो, म्हणून वहीला पण सांगून टाकलं. वही खरं तर इंजिनाची हाय. पुंडलिक मिस्त्री म्हणाला, "जमनाबाई, तेल कधी घातलं, पाणी कधी बदललं, सगळं तारखेनं लिहायचं. नायतर उद्या इंजिन बसलं की माझ्या नावानं बोंब माराल." मी चौथी पास हाय. गुरुजी म्हणायचे, जमनाचं अक्षर बरं, पण जीभ आवरत नाय. इथं जीभ लागतच नाय, नुसतं अक्षर लागतं. मग आवरायचं काय?

तर चिंचेचं. तारापूरकडे विजेचा मोठा कारखाना उभा राहतोय, त्याच्या गाड्या जायला रस्ता रुंद करतायत. वळणावरची म्हातारी चिंच आड आली, मुळासकट उपटून आडवी केली. तिच्यावर भुतं हायत असं बोईसरपासून चिंचणीपर्यंत सगळे सांगतात. लिलावाला वखारवाले सगळे आले, लांबून बघून गेले. मी घेतली.

दुपारी नरहरी भावोजी आले. माझे धाकटे दीर. बाजारात खिळे-बिजागऱ्यांचं दुकान हाय त्यांचं, पण जीव माझ्या वखारीत. रोज येतात, दारातल्या त्या जुन्या ओंडक्यावर बसतात, कुरकुर करतात आणि जातात. हेरगिरी, दुसरं काय!

"वैनी, त्या भुताच्या झाडाचं काय करणार तुमी?"

"भाजून खाणार. या जेवायला."

ते हसत नायत. लहानपणीच कुणीतरी त्यांचं हसू दुकानात ठेवून कुलूप लावलंय.

वखारीची जागा दोघा भावांची. आमचे हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून भावोजींचं एकच, इथं खोल्या बांधू, सरावलीला बघा, कामगार भाडं हातात घेऊन उभे हायत. मी नको म्हणते. शेवटी पंचांसमोर ठरलं. कामगारांच्या खानावळीचा ठेकेदार हाय, लालाजी म्हणतात सगळे त्याला. पावसाळ्याची फाटी त्याला आत्ताच भरून ठेवायचीय, हातभर लांबीची, एकसारखी. पंधरा मेला त्याचा ट्रक येणार. ट्रक भरला तर वखार माझी, मरेपर्यंत. नाय भरला तर खोल्या.

म्हणून तर इंजिन घेतलं. एका वाडीवाल्याचं पाणी ओढायचं जुनं इंजिन, त्याला पट्टा, पट्ट्याला गोल करवत. कुऱ्हाडीनं एवढा माल व्हायचा नाय.

संध्याकाळी चंद्रकांता आली, चिंचणीची, रिकामी मासळीची पाटी घेऊन. बसल्या बसल्या म्हणाली, "काय गो जमना, परवा दुपारी तू त्या चिंचेच्या शेजारी झोपली होतीस. मी बघितलं."

"ऊन लागलं. सावलीला आडवी झाले."

"पडलेल्या झाडाला कसली गो सावली?"

"मग तू उभी राहा तिथं. तुझी अख्ख्या बाजाराला पुरेल."

रागावली. पण जाताना दोन बोंबील ठेवून गेली.

६ एप्रिल, गुरुवार

इंजिन बसवलं. तेल घातलं. पिंपात पाणी भरलं.

पुंडलिकनं कपाळाला कुंकू लावून घेतलं, इंजिनाला लावलं, नारळ फोडला आणि हँडल मारलं. इंजिन शिंकलं. परत मारलं, खोकलं. मी म्हटलं, "मिस्त्री, याला आधी काढा पाजा." तेवढ्यात फट फट फट करून सुरू झालं आणि त्याची टोपी उडाली. पट्टा चढवला, करवत फिरली, पहिली फांदी पुढं सरकवली. अगो बाई! असला आवाज की स्टेशनापर्यंतची कुत्री भुंकायला लागली. शेजारची नवसी पोराला कडेवर घेऊन पळत आली, म्हणे कुणाला मारताय?

पण काय कापते! काकडीसारखी. हातभर, हातभर, हातभर. फांद्या संपत आल्या तरी पुंडलिक टोपी शोधतोय.

मी करवतीचं नाव ठेवलंय सवत. खायला जास्त, ओरडायला जास्त, आणि सगळं लक्ष तिच्याकडेच.

माझा फाटीफोड्या बुधा कुऱ्हाड मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. नवसीचाच नवरा तो. तोंड एवढंसं. मी म्हटलं, "काय रे, सवत मला आली, तोंड तू का पाडलंस?"

"बाय, आता माझं काय काम?"

"ती नुसती आडवी कापते. उभं फोडायला तूच हवास. तिला डोकं नाय, दातच हायत."

मग हसला. बुधा हसला की त्याचे पण दातच दिसतात.

भुसा पडला ढीगभर. भुशाच्या शेगडीला बायका नेतील. सालपटं, काटक्या वेगळ्या केल्या, आंघोळीच्या पाण्याच्या चुलीला. या झाडाचं काय म्हणून वाया जाणार नाय.

चहा जास्त झाला. दुसरा कप मांजर प्यायलं.

१० एप्रिल, सोमवार

फांद्या संपल्या. आता खोड. बुधा आणि नवसीनं दुहाती करवतीनं बुंध्याकडचा पहिला ठोकळा काढला, पाचरी मारून त्याच्या चार चिरफळ्या केल्या. उद्या सवतीच्या तोंडी देणार. भावोजी येऊन बघून गेले. "चालेल असं वाटतंय," म्हणाले. बरं वाटून म्हणाले की वाईट वाटून, कळलं नाय. त्यांच्या तोंडाला दोन्हीला एकच आकार हाय.

तेल घातलं.

११ एप्रिल, मंगळवार

सत्यानाश.

पहिली चिरफळी पुढं सरकवली, करवत अर्ध्यात गेली आणि खण्ण! ठिणग्या उडाल्या. काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं. पुंडलिकनं पट्टा उतरवला. बघतो तर करवतीचे चार दात गायब. एक त्याच्या टोपीत घुसलेला. टोपी होती म्हणून वाचला. आता त्या टोपीला मी कधी हसणार नाय. निदान या आठवड्यात नाय.

लाकडात खिळा होता. काळा, बोटाएवढा जाड, आतपर्यंत चिंचेनं गिळलेला. दोन तुकडे होऊन खाली पडला.

बुधानं दोन्ही कान धरले आणि पार कुंपणापर्यंत मागं गेला. "बाय, हा भगताचा खिळा."

हे सगळ्यांना ठाऊकच हाय, तरी इंजिनाच्या वहीत असावं. मेलेलं माणूस घरात घुटमळायला लागलं की भगताला बोलावतात. तो त्याला खिळ्यात घेतो आणि झाडात ठोकतो. मग ते झाडाचं होतं, घराचं राहत नाय. मी म्हटलं, "मला काय ठाऊक, इतक्या जुन्या..." आणि थांबले. बुधा माझ्याकडे बघत होता.

आमचे हे गेल्यावर मी वखारीत एकटीच बोलायची म्हणे. म्हणे कशाला, बोलायचीच. तराजूशी, कुऱ्हाडीशी, ह्यांच्या चपलांशी. सासूबाई घाबरल्या, तेव्हा त्या होत्या. भावोजींनी जिवल्या भगताला आणलं. त्यानं काय ते केलं. मी गप्प झाले. सगळे म्हणाले, गुण आला.

पुंडलिक करवत घेऊन पालघरला गेला, नवे दात बसवायला.

१३ एप्रिल, गुरुवार

वखारीत फाटी घ्यायला कुणी नाय, बघायला सगळे.

चंद्रकांता सगळ्यात आधी. धापा टाकत. "जमना, कुठं होता तो खिळा? वर की खाली?"

"खाली. कमरेएवढा."

ती मटकन खाली बसली. "गेलं! माझी सासू! ती बुटकी होती ना गो. भगत मेलेल्याच्या छातीएवढ्या उंचीवर ठोकतो. तिची छाती माझ्या कमरेएवढीच भरायची. सुटली ती! घरी येईल आता."

"येऊ दे. मासळी विकायला बस तिला."

"मस्करी करू नकोस. ती माझ्या हातचं कालवण चाखून थुंकायची."

"मग राहू दे इथंच. माझ्या हातचं पण थुंकेल. पण मी परत वाढीन."

नंतर एकेक करून सगळे. कोणाचा मामा, कोणाची चुलती, एकाचा सावकार. ह्यांना सगळ्यांना झाड माहीत, खिळे माहीत, आणि कुणी कुणाला बोललेलं नाय. मी तर थक्कच झाले. ज्यांनी फांद्यांची फाटी नेली होती ते ती परत घेऊन आले. एक म्हातारा म्हणाला, "त्या फाटीवर भाकरी फुगतच नाय."

मी म्हटलं, "काका, तुमच्या सुनेची भाकरी बाभळीवर पण फुगत नव्हती. तेव्हा कुणाचं भूत होतं?"

फाटी ठेवूनच गेला.

लालाजीला पण कळलं. तो सायकलवरून आला. "बाई, भूत से हमको क्या. लकड़ी जलना मांगता. पंद्रह तारीख को ट्रक आएगा, भरेगा तो भरेगा." बोलला आणि गेला. असा माणूस मला आवडतो. चार शब्द आणि सायकल.

भावोजी ओंडक्यावर बसून होते. आज कुरकुरले नायत. खिळ्याचे दोन तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत होते. खिळेवाल्याला खिळाच दिसणार.

२० एप्रिल, गुरुवार

करवत आली. नवे दात चकचकीत. तेल घातलं, हँडल मारलं, देवाचं नाव घेतलं.

खण्ण.

पुंडलिक म्हणाला, "जमनाबाई, आता माझी तिसरी फेरी नाय. लाकडात किती खिळे हायत ते कळेपर्यंत मी करवत चढवणार नाय. आणि माझ्याकडे टोपी एकच हाय."

झाड कापता येत नाय. विकता येत नाय. ट्रक येतोय.

बुधा म्हणाला, कुऱ्हाडीनं होईल तेवढं करू. मी हिशेब केला. बुधा झोपला नाय, जेवला नाय आणि त्याला चार हात फुटले, तरी अर्धा ट्रक.

पहिल्यांदा वाटलं, खोल्या होणार. ह्यांचा तराजू जिथं टांगलाय तिथं कुणाचा तरी लेंगा वाळत असेल. भाजी जळली, तशीच खाल्ली.

२३ एप्रिल, रविवार

जिवल्या भगताकडे गेले. डोंगराच्या पायथ्याशी पाडा, चालून चालून टाचा सुजल्या. सोबत ताडी नेली. रिकाम्या हातानं गेलं तर जिवल्याला नीट ऐकू येत नाय.

म्हातारा अंगणात टोपली विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ये बाय. माझी माणसं कापत सुटलीस म्हणे."

"तुमची माणसं माझी करवत खात सुटली. त्याचं काय?"

"तू तर या गोष्टी मानत नाय."

"मी मानत नाय. करवत मानते."

त्यावर तो इतका हसला की टोपली पडली. मग ताडी घेतली. म्हणाला, खिळे काढता येतील. पण काढले की लगेच दुसऱ्या झाडात ठोकायला पायजेत, नायतर माणूस आपल्या घरी चालू लागतं. आणि हे अमावास्येलाच. रात्री.

"अमावास्या नऊ तारखेला. ट्रक पंधराला. आणि रात्री मला दिसत नाय, तुमाला त्याहून नाय. दोघं मिळून एकमेकांना ठोकू. दुपारी करा."

"भुतांना ऊन सोसत नाय."

"मग बरंच की. गुंगलेली असतील. चावणार नायत."

विचार करून म्हणाला, "दुपारी चालंल." भगतात मला हे आवडतं, समजून घेतात.

"कुठं कुठं ठोकलेत, आठवतं?"

"कुणाला ठोकलं ते आठवतं. कुठं ते ज्याचं त्यानं सांगायचं. माणूस किती उंच होतं, ते घरच्यांना ठाऊक."

मी उठले. तो मागून म्हणाला, "बाय, तुझा पण हाय त्यात. तुझ्या दिरानं ठोकून घेतलेला. नाव सांग, ध्यानात ठेवतो."

आमी नवऱ्याचं नाव घेत नाय. मी म्हटलं, ताडी गरम होते, पिऊन टाका.

घरी आले. वांगी केली. चांगली झाली होती.

९ मे, मंगळवार, अमावास्या

आजचं लिहायला इंजिनाची वही पुरायची नाय.

बुधानं ठोकळे परत एकाला एक लावून मांडले. बुंध्यापासून वरपर्यंत चिंचेचं अख्खं खोड वखारीत आडवं. जिवल्या आला, डोक्याला लाल फडकं. आणि मागून जत्रा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. लग्नाला आलेल्या व्याह्यांसारखे सगळे घसा खाकरत उभे.

जिवल्यानं तांदूळ टाकले, काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "कुणाचं माणूस? या पुढं. उंची दाखवा."

कुणी हलेना. लाज. मग मीच म्हटलं, "चंद्रकांता, ये गो. तुझी तर सुटलेलीच हाय, तुला कसली भीती?" ती आली, पदर खोचला, बुंध्याशी पाय लावून खोडाशेजारी आडवी झाली आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "इथं यायची तिची छाती." तिथंच तर कापल्याची खूण. तो तुटका खिळा जिवल्यानं फडक्यात बांधून घेतला. चंद्रकांतानं सुटकेचा श्वास सोडला तो इंजिनासारखा.

मग काय, धीर आला. एकेक जण आडवा होऊन सासू, मामा, चुलता मोजायला लागला. आणि भांडणं!

"माझा बाप याच्याहून उंच होता."

"टाचा उचलून चालायचा तो! मी शेजारीच राहायचे."

"मेलेल्याला बुटका म्हणतेस?"

"बुटका नव्हता, वाकलेला होता. तुझी आई समोर उभी असायची ना."

ज्याची उंची पटली तिथं बुधा साल सोलायचा, छिन्नीनं टोकरायचा, आणि खिळा निघायचा. दर वेळी. एकदा तर खिळ्याशेजारी खिळा, दोघे भाऊ. जन्मभर बांधावरून भांडले, आणि इथं खांद्याला खांदा लावून. त्यांची पोरं बघत राहिली. मग एकानं दुसऱ्याला विडी दिली.

मी हसत होते. मग कधीतरी हसायचं राहिलं आणि नुसती बघत होते. पुंडलिक खिळे हातात घेऊन वजन करत होता. म्हणाला, "जमनाबाई, एवढं लोखंड खाऊन झाड उभं होतं."

मग ठोकायचे कुठं? कुणालाच आपल्या दारातलं झाड चालेना. मी म्हटलं, नरहरी भावोजींच्या परसात फणस हाय, रुंद हाय, सगळे मावतील. भावोजी पांढरे पडले. शेवटी खाडीच्या कडेच्या भेंडीच्या झाडावर ठरलं, तिकडे कुणी राहत नाय.

जिवल्यानं फडक्यातले खिळे चाचपले. "अजून एक बाकी हाय. तीन वर्षांमागचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सवतीच्या पट्ट्याकडे बघत होते, ढिला वाटत होता.

भावोजी पुढं आले. खोडाशेजारी आडवे झाले. धोतर मळलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग थोडा वर सरकवला. "दादा माझ्यापेक्षा चार बोटं उंच होता," म्हणाले.

बुधानं तिथं बघितलं. टोकरायला लागलंच नाय. भोक होतं. स्वच्छ, कडेला साल नव्यानं सोललेली. आत काय नाय.

"खिळा कुठाय?" भावोजी म्हणाले. "मी स्वतः दिलेला. चांगला पोलादी."

जिवल्यानं भोकात करंगळी घातली. माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. म्हातारा डोळे मिचकावत नाय, पण तसंच काहीसं केलं त्यानं.

"गंजून गेला असंल," तो म्हणाला. "नव्या लोखंडात दम नाय."

"तुमच्याच दुकानातला, भावोजी," मी म्हटलं. "टिकायचा कसा?"

सगळे हसले. भावोजी सोडून. त्यांनी जिवल्याला हळू विचारलं, "मग दादा..." जिवल्या म्हणाला, "गेला तो गेला. सुटला तो सुटला. मी काय त्याच्या मागं धावू?"

भावोजी ओंडक्यावर जाऊन बसले, पाठ करून, बराच वेळ डोळे पुसत होते. आज इंजिन चालूच नव्हतं, तरी भुसा गेला असेल डोळ्यात. वारा होता.

१० मे, बुधवार

तेल घातलं. पाणी बदललं. पट्टा आवळला. पुंडलिकनं टोपीच्या आत पत्रा शिवून आणला.

सवत गायली. खण्ण नाय.

१२ मे, शुक्रवार

कापतेय. बुधा फोडतोय, सवत कापतेय, नवसी रचतेय. आवाजानं कान बहिरे झालेत. चंद्रकांता येऊन काय बोलली कळलं नाय, म्हणून सगळ्याला हो म्हटलं. आता रविवारी तिच्याकडे जेवायला जायचं हाय म्हणे.

भाकरी न फुगणारा म्हातारा फाटी परत न्यायला आला. म्हणाला, "आता मोकळं झालं ना लाकूड?" म्हटलं, लाकूड मोकळं झालं, सुनेचं सांगता येत नाय.

१५ मे, सोमवार

ट्रक आला. लालाजी सायकलवरून मागं. काठी घेऊन फाटीची लांबी मोजली, चार ठिकाणी, मग मोजायची सोडून दिली. "बाई, मशीन का माल अच्छा है."

भरायला माणसं कमी पडली. आणि कोण यावं? नरहरी भावोजी. दुकान बंद करून. अंगरखा काढून ठेवला आणि खांद्यावरून फाटी वाहायला लागले. मला वाटलं, मोजायला आलेत, एखादी कमी निघते का बघायला. पण मोजत नव्हते. नुसते वाहत होते. ट्रकच्या फळीपर्यंत माल चढला आणि वर थोडा उरला पण. पंच आले होते, ते म्हणाले, झालं, वखार जमनाची. भावोजी म्हणाले, "हो." एवढंच. आणि पहिल्यांदा मला वाटलं, हसले. कुलपाची किल्ली सापडली असेल.

ट्रक गेल्यावर सगळे पांगले. भावोजी ओंडक्यावर बसले. म्हणाले, "दादा इथंच बसायचा ना." मला ठाऊक हाय कुठं बसायचे.

"वैनी, चहा हाय काय?"

दोन कप भरून ठेवलेले होते. मी एक उचलला. त्यांनी दुसऱ्याला हात घातला. मी म्हटलं, "तो नको, तो..."

"कुणाचा हाय?"

"कुणाचा नाय. प्या."

प्यायले. मांजर रुसलं.

आता तेलाचं. इंजिनाला तेल घातलं, पाणी काढून ठेवलं, करवतीला ग्रीस लावून पोत्यात गुंडाळली.

आणि चिंच कशाला घेतली ते. इतके दिवस तेल लिहिलं, हे लिहिलं नाय.

फाटीसाठी घेतलीच नव्हती. दुसऱ्या कुणी घेतली असती तर त्यानं कापून चुलीत घातली असती, त्यातल्या माणसासकट. लिलाव झाला त्याच दुपारी सगळे जेवायला गेले, मी पक्कड पदराखाली घेऊन गेले. झाड आडवं होतं, म्हणून मी पण त्याच्या शेजारी आडवी झाले, मुळांशी टाचा लावून. उभी राहिले की माझं कपाळ ह्यांच्या छातीला लागायचं. कपाळासमोरची साल सोलली. खिळा तिथंच. मला वाटलं, झाडात माझा एकटीचाच हाय, आता बाकीचं लाकूड मोकळं. सगळ्या गावानं आपली माणसं तिथं ठोकलीत हे कुणी सांगितलं असतं तर करवतीचे दात वाचले असते.

खिळा खाडीत टाकला, परत कुणाला सापडायला नको म्हणून. नामदेव सुटलाय. मीच सोडलाय.